पोटखराब्यातला हत्ती

राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, एक हत्ती आहे. जांभ्याच्या कातळात कोरलेला, सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी, पक्षी, मासे. गेल्या डिसेंबरात अकरावी-बारावीच्या मुलांना घेऊन मी तिथे गेले होते. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

आधी नोटिशीचं सांगते. सहलीच्या नोटिशीत ‘फक्त विज्ञान शाखा’ असं होतं. आर्ट्सची एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. “मॅडम, मला तो हत्ती काढायचाय. मी आले तर चालेल?” नियमात बसत नाही असं उत्तर वरून आलं. मी दोन दिवस भांडले आणि तिला नेलं. बावीस वर्षं फिजिक्स शिकवतेय, पण ‘ती आर्ट्सची, तिला काय कळणार’ हे वाक्य ऐकलं की आजही डोक्यात तिडीक जाते.

पोचलो तेव्हा भर दुपार. डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेला कातळ, आणि हत्तीचा पत्ता नाही. नुसत्या अस्पष्ट रेघा. पलीकडे गुरं घेऊन बसलेले एक आजोबा आमची धडपड बघत होते. म्हणाले, “बाय, आता काय दिसायचा नाय. उन्हं कलली की बघ.” थांबलो. चारनंतर ऊन तिरपं झालं, प्रत्येक खोबणीच्या एका कडेला सावली धरली आणि रेषा उठून आल्या. आपाती किरण, सावलीची लांबी, हे सगळं मी फळ्यावर शंभरदा काढलंय. पण कुठल्या वेळी यायचं ते आजोबांना माहीत होतं, मला नव्हतं.

तरीही हत्ती पुरता दिसेना. एवढी मोठी आकृती जमिनीवर उभं राहून एका नजरेत मावतच नाही. मग ती मुलगी म्हणाली, चौकटी पाडूया. सायन्सच्या पोरांनी रेषांवर पाय न देता कडेकडेने सुतळ्या धरल्या, मीटरमीटरवर खुणा केल्या. एक मीटरला एक सेंटीमीटर असं प्रमाण ठरलं आणि ती आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरत गेली. पाठीची रेघ, सोंड, पाय. तास-दीड तासाने तिने कागद वर धरला. अठरा सेंटीमीटरचा हत्ती! मघापासून मोजमापं ओरडून सांगणारी मुलं एकदम गप्प झाली. मग त्यातल्या एकाने विचारलं, “ज्याने हा कोरला त्याला तरी वरून कुठे दिसत होता? मग प्रमाण कसं साधलं?” त्या प्रश्नासाठी मी मुलांना तिथे नेलं होतं, असं मला आता वाटतं. तो प्रश्न गणिताचा की चित्रकलेचा, सांगा बघू.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. ती वाचताना कुठलीच एक विद्या पुरी पडत नाही. कोरीव रेषेत सेंद्रिय असं काही नसतं, त्यामुळे कार्बन पद्धतीने तिचं वय थेट काढता येत नाही. मग आसपास सापडणारी दगडी हत्यारं बघायची, चित्रांची शैली ताडून बघायची. काही ठिकाणी गेंडा कोरलाय. आज कोकणात गेंडा नाही. पण गुजरातेत लांघणजला, हजारो वर्षांपूर्वीच्या मध्याश्मयुगीन वस्तीत, गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालंय. म्हणजे चित्रातल्या जनावराला साक्षीदार मिळतो तो प्राणिशास्त्राकडून आणि उत्खननातून. शेतीची चित्रं जवळजवळ नाहीतच, म्हणून ही माणसं शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणारी असावीत, हे अनुमान मानवशास्त्राचं. देवाचे गोठणे या गावच्या सड्यावर, जिथे माणसाची आकृती कोरलीय, होकायंत्राची सुई भरकटते. ती किती अंशांनी फिरली ते मी मोजून देईन. त्याच जागी कुणाला माणूस का कोरावासा वाटला, ते माझी सुई सांगत नाही.

आणि सातबारावर या सड्यांना काय म्हणतात? पोटखराबा. म्हणजे लागवडीला नालायक. महसुलाच्या हिशेबात ते बरोबरच आहे, तिथे भात पिकत नाही. पण पावसाळ्याच्या तोंडाला याच सड्यांवर दीपकाडी फुलते, ती कोकण-गोव्याच्या पट्ट्याबाहेर सापडत नाही. चिरेखाणीचं यंत्र लागलं की दीपकाडी जाते आणि चित्रंही जातात. एकाच वहीतून जमीन बघितली की हे असं होतं.

आपल्याकडे नेहमी असंच होत आलंय, असंही नाही. देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर शाळेत आपण फक्त ‘दर्पण’ आणि १८३२ एवढ्यापुरते पाठ करतो. ते एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत, कुलाब्याच्या वेधशाळेचं काम बघत, जुने ताम्रपट-शिलालेख वाचत, आणि १८४५ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापून काढली. तुमची शाखा कुठली, असं त्यांना कुणी विचारलं नसेल.

दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत काय चालतं ते मला ठाऊक आहे. नव्वद टक्के पडले आणि पोरीने आर्ट्स म्हटलं की घरात सुतक पडल्यासारखं होतं. माझ्याकडे सल्ला विचारायला येतात, फिजिक्सच्या बाई आहेत, समजावतील म्हणून. मी समजावते, पण आईवडिलांना. आणि सायन्सला जाणाऱ्या पोरालाही सांगते, इतिहास वाच, मराठी नीट लिही. माझ्या हुशार मुलांना पेंडुलमचा प्रयोग बिनचूक जमतो, पण काय दिसलं ते चार ओळींत लिहा म्हटलं की पेन थांबतं. हे दुखणं मला त्यांच्या मार्कांपेक्षा मोठं वाटतं.

तो आलेखाचा कागद मी लॅबच्या भिंतीवर लावलाय, ओहमच्या नियमाच्या तक्त्याशेजारी. येत्या डिसेंबरात पुन्हा जाणार आहोत. नोटीस या वेळी मीच लिहिलीये, ‘सर्व शाखा’ म्हणून. इतिहासाचे सर आणि भूगोलाच्या मॅडम येतो म्हणालेत. निघणार दुपारी जेवून, म्हणजे उन्हं कलायच्या वेळेला पोचू. सुतळी मात्र जास्त घ्यायला हवी, मागच्या वेळी सोंडेपाशी कमी पडली.