उद्देशिका पाठ, पण झाडू मुलींच्याच हातात

परिपाठात रोज संविधानाची उद्देशिका म्हटली की लोकशाही मूल्ये आपोआप रुजतात, हे एका लेखातलं विधान मला पटलं नाही. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या शाळांत सामूहिक वाचन सुरू झालं, ते चांगलंच आहे. पण माझ्या चौथीच्या वर्गात ‘दर्जाची व संधीची समानता’ खणखणीत म्हणणारे मुलगे वर्ग झाडायची वेळ आली की मुलींकडेच बघायचे.

मग वर्गसभा घेतली. झाडणं, पाणी भरणं, खिचडी वाढणं, सगळ्याच्या पाळ्या मुलांनीच ठरवल्या. एकजण अडून बसला, “घरी ताईच झाडते.” मी दटावलं नाही. एरवी गप्प असणारी एक मुलगी उठली, “मग ती अभ्यास कधी करते?” त्यावर वर्ग अर्धा तास बोलत होता. गणिताचा तास गेला, जाऊ दे.