चॅट्सवर्थची बाग आणि आपले गुडघे

मँचेस्टरला मुलाकडे आलेल्या आई-बाबांना रविवारी ‘बाग दाखवायला’ नेतात. त्यांच्या मनात बाग म्हणजे सारसबाग: दोन फेऱ्या, गणपती, भेळ, घर. डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थ महालाची बाग १०५ एकरांची आहे आणि डोंगराच्या उतारावर आहे. उतार म्हणायचं ते वरून बघणाऱ्याने. प्रवेशद्वार खाली आहे.

बागेचं वेगळं तिकीट मिळतं, माझ्या मते तेच घ्यावं. आधी महालातले जिने आणि मग ही चढण म्हणजे सिंहगडाआधी वॉर्मअप म्हणून पर्वती. कोल्हापुरी वहाणा घरीच राहू द्या, खडीच्या वाटेवर दर दहा पावलांना खडा शिरतो. ओल्या हिरवळीवर साडीची किनार भिजून घोट्याला चिकटते. छत्री वाऱ्याने उलटते, म्हणून टोपीवालं जॅकेट बरं.

खरी गंमत पाण्याची. कारंज्यासमोर बाबांचा प्रश्न ठरलेला: “मोटर किती एचपीची?” मोटर नाहीच! वर टेकडीवर तळं खोदलंय. तिथून नळाने आलेलं पाणी केवळ उंचीच्या जोरावर उसळतं. इथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने १८४४ मध्ये रशियाच्या झारसाठी हे एम्परर कारंजं उभारलं. ते ९० मीटर उडाल्याची नोंद आहे. झार आलाच नाही. तळ्यात पाणी कमी असलं की तुमच्यासाठीही कारंजं बेताचंच उडतं.

कॅस्केड, म्हणजे पायऱ्यांवरून उतरणारा धबधबा, त्याहून जुना, १६९६ चा. त्याच्या २४ टप्प्यांची घडण वेगवेगळी, म्हणून पाण्याचा आवाजही दर टप्प्याला बदलतो. पण तीनशे वर्षांच्या दगडांतून पाणी झिरपतं आणि दुरुस्ती निघते, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. नाहीतर कोरड्या पायऱ्यांसमोर कुटुंबाचा फोटो.

विलोचं एक झाड धातूचं आहे आणि फांद्यांतून पाणी उडवतं. लहानपणी व्हिक्टोरिया राणीलाही त्याची मौज वाटली होती. आपल्याकडचे लोक त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढतात, जॅकेटची टोपी पाठीवर टाकून. पाणी टोपीत साठतं आणि टोपी डोक्यावर घेतल्यावर कळतं.

भुलभुलैयात ‘यू’ नावाची १,२०९ झाडं आहेत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना बाहेरच बाकड्यावर बसवा. इथे पूर्वी पॅक्स्टनचंच अजस्र काचघर होतं. ते १९२० मध्ये सुरुंग लावून पाडलं, तेही पहिल्या स्फोटात पडलं नाही.

केळ्याची गोष्ट मात्र शेवटी सांगा. पॅक्स्टनने १८३० च्या दशकात इथे उबदार काचघरात केळी पिकवली आणि मालक ड्यूकच्या आडनावावरून त्या जातीला कॅव्हेंडिश नाव पडलं. जळगावची बसराई आणि ग्रँड नैन त्याच गटातल्या. बाबा खानदेशातले असतील तर हे परतीच्या बसमध्ये बसल्यावरच बोला. आधी बोललात तर ते माळ्याला गाठून “आमच्याकडे दीड बाय दीड मीटरवर लावतात, तुमच्याकडे?” विचारत उभे राहतील, आणि बस निघून जाईल.