लेओव्हरमध्ये फिरून घ्या म्हणे!

विमान बदलताना मध्ये जो थांबा मिळतो, तो लेओव्हर. ज्यानं कोणी हे 'लेओव्हर वाया घालवू नका'चं खूळ काढलं, त्याला मे महिन्यात दुपारी दीड वाजता आमच्याकडच्या कुठल्याही एसटी स्टँडवर आणून बसवा. सोबत तूरडाळीचं अर्धं पोतं, तिखटाचा डबा आणि लोणच्याची बरणी द्या. आणि म्हणा, जा बाप्पा, ये आता फिरून!

आमचा भाचा बंगळुरात नोकरीला आहे. त्याचं उठसूट विमान. तिकडून मला रील पाठवत असतो. सिंगापूरला साडेपाच तासांच्या वर थांबा असला की विमानतळवालेच अडीच तासांची फुकट सहल काढतात. इस्तंबूलला तिथली विमान कंपनी सहा तासांपुढच्या थांब्यात शहर दाखवून आणते. खोटं नाही ते. अगदी आपल्या नागपुरात कुणाला मध्ये चार तास मिळाले तर विमानतळावरून मेट्रोत बसायचं, रहाटे कॉलनीला उतरायचं, दीक्षाभूमी पाहून परत. आरामात जमतं.

पण ते का जमतं, हे त्या पोट्ट्याच्या डोक्यात शिरत नाही. पुढचं विमान किती वाजता ते तिकिटावर छापलेलं असतं. उशीर झाला तर मोबाईलवर निरोप येतो. सगळा प्रवास एका तिकिटावर असला तर मोठी बॅग बहुतेक वेळा परस्पर पुढच्या विमानात चढते, माणूस हात हलवत बाहेर पडतो. आणि हा मला फोनवर सांगतो, "मामा, तुम्ही पण गाडी बदलताना मधल्या वेळात काहीतरी बघत जा ना. तुमच्याकडं तर इतकं आहे!"

आहेच ना! तेच तर दुखणं आहे. काही नसतं तर एवढा जीव जळला नसता. सिंदखेडराजाला १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजीराव जाधवांचा वाडा गावात, रस्त्याला लागून. मेहकरला १८८८ साली सापडलेली शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची मूर्ती, तिच्यापुढं उभं राहिलं की माणूस बोलायचं विसरतो. लोणारला दैत्यसूदनाचं मंदिर भरवस्तीत, आणि पलीकडं उल्केनं पाडलेलं पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर, ते बघायला जगभरातून लोक येतात. बाळापूरचा किल्ला तर मन आणि म्हैस नद्यांच्या मध्ये, गावाच्या अंगाशीच. त्या सिंगापूरवाल्यांकडं यातलं एक जरी असतं तर तिकीट लावून बसले असते.

आणि आम्ही? आम्ही या सगळ्या गावांच्या स्टँडवरचे पंखे पाहिलेत. कोणता फिरतो, कोणता नुसताच लटकतो, विचारा.

कोणत्या स्टँडचं नाव घेत नाही, सगळीकडं एकच तऱ्हा. भिंतीवर वेळापत्रक रंगवलेलं असतं, त्याचे खालचे आकडे पिचकाऱ्यांनी गेलेले आणि वरचे कोणे काळी बदललेले. चौकशीच्या खिडकीत माणूस असला तर आपलं नशीब. विचारलं, "साहेब, साडेतीनची गाडी?" तर मान वर न करता उत्तर, "येईन ना." किती वाजता? "आता येईनच." आता म्हणजे पाच मिनिटं की दोन तास? "आमाले काय माहीत भाऊ, डेपोतून निघाली की येईन." अहो, निघाली का ते तरी विचारा फोन करून! तर तो माझ्याकडं असा बघतो, जसं काही मी त्याची शेती मागितली.

या 'आता येईनच'नं माणसाला खुंटीला बांधून ठेवलंय. दोन तास उशीर आहे असं कोणी छातीठोक सांगितलं तर मी आनंदानं दोन तास फिरून येईन. उशिराचा राग नाहीच मुळी. रस्ता आहे, गाडी आहे, पंक्चर होते, समजतं आम्हाला. पण सांगायचंच नाही म्हणजे काय? चहाला गेलं तरी एक डोळा फलाटावर. आलूबोंडा हातात गरम आणि तोंड गाडीच्या दिशेला. कारण एकदा का गाडी लागली की खिडकीतून रुमाल, पिशव्या, पोरं आत पडतात. जरा उशीर झाला की पुढचा सगळा प्रवास दांडीला लटकून.

आणि सामान कुठं ठेवू? मोठ्या रेल्वे स्टेशनावर निदान कुलूप लावलेली बॅग ठेवून घेतात. आमच्या स्टँडवर पोत्याला कोण विचारतो? शेजारच्या बाईला "जरा बघजा" म्हणून जावं, तर तिचीच गाडी आधी लागते. मागच्या वेळी मंडळीला समोर मंदिराचा कळस दिसत होता. मी म्हटलं, तू जाऊन ये, मी बसतो. ती उठली, तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, गाडी आली. आली ती भलत्याच गावाची. नंतर तिनं बाकड्यावरूनच हात जोडले. बाईमाणसाचे बाकीचे हाल तर बोलायलाच नको. त्या कुलूप लावलेल्या संडासाची चावी कोणाकडं असते, हा एक वेगळाच शोध.

काळीपिवळीनं जा म्हणतात काही शहाणे. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे काय ते बसलेल्यालाच ठाऊक.

मागणं काय आहे हो आमचं? फुकट सहल नको, गाईड नको. खडूचा एक तुकडा घ्या, काळ्या फळीवर लिहा, अमुक गाडी अमुक वाजता, उशीर इतका. एका खोलीला कुलूप लावा, दहा रुपये घ्या, सामानाला बिल्ला द्या. वाडा, बालाजी, विवर आमचं आम्ही शोधून काढू.

आणि तेवढंही होत नसेल तर निदान भोंग्यावरून ते 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' तरी बंद करा. दीड वाजल्यापासून दुसरं करतोय काय आम्ही!