दुसऱ्याच्या ॲपमध्येही आपला पर्याय दाखवता येतो
मजकूर निवडल्यावर येणाऱ्या मेनूत आपल्याच ॲपपुरते पर्याय कसे वाढवायचे, ते लेखात छान सांगितलंय. पण ॲन्ड्रॉइडवर दुसऱ्यांच्या ॲपमध्येही आपला पर्याय आणता येतो, ते राहून गेलं. ६.० आवृत्तीपासून (२०१५) ही सोय आहे. मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती देणारी फाइल) ॲक्टिव्हिटीला (ॲपचा एक स्क्रीन) 'प्रोसेस टेक्स्ट'चा इंटेंट फिल्टर (कोणतं काम स्वीकारणार याची नोंद) आणि 'टेक्स्ट/प्लेन' म्हणजे साधा मजकूर हा प्रकार दिला, की शब्दावर बोट दाबून धरल्यावर कॉपी-शेअरच्या सोबतीला आपलं लेबल येतं.

आईसाठी मी शब्दार्थाचं छोटं ॲप असंच केलं. आधी लेबल होतं 'निवडलेल्या शब्दाचा अर्थ पाहा'. तीन ठिपक्यांमागच्या यादीत त्याचं शेपूट कापलं जायचं, आईला काही उमगायचं नाही. नुसतं 'अर्थ' केलं आणि त्याच संध्याकाळी तिने बातमीतला 'अध्यादेश' स्वतः शोधला! फार बरं वाटलं.

मजकूर बदलून परत द्यायचा असेल तर 'रीडओन्ली' (मजकूर फक्त वाचण्यापुरता आहे का, हे सांगणारी खूण) आधी जरूर तपासा. वेबपानावरच्या मजकुरात बदल करता येत नाही. आणि कृपया लेबल कोडमध्ये टाकू नका, 'व्हॅल्यूज-एमआर' फोल्डरमध्ये मराठीत द्या. आईसारखी माणसं इंग्रजी पर्यायाला हातच लावत नाहीत.