गिअरबॉक्सचं तेल आणि अख्खी बी विंग

इंजिन ऑईलचा थाट मोठा. त्याची पातळी बघायला डिपस्टिक, त्याचा दाब घसरला तर ओरडायला डॅशबोर्डवर लाल दिवा, दर सर्व्हिसिंगला ताजा डबा. गिअरबॉक्सच्या तेलाच्या नशिबी यातलं काही नाही. पंपावरचा पोरगासुद्धा त्याची चौकशी करत नाही. मोठ्या घरातल्या अबोल आत्यासारखं ते वर्षानुवर्षं कोपऱ्यात राबतं, आणि आत्या अंथरुणाला खिळली की मगच घराला कळतं, रोज कुकर कोण लावत होतं ते.

आमच्याकडे आजारपणाची लक्षणं डिसेंबरात दिसली. सकाळच्या थंडीत पहिल्यावरून दुसरा गिअर टाकला की दांडा अडायचा आणि जोर केला की खर्रकन आत जायचा. गॅरेजवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘साहेब, ते लाईफटाईम ऑईल असतं. कोणी बदलत नाही.’’ लाईफटाईम नक्की कोणाचा, ते त्याने सांगितलं नाही. गाडीच्या पुस्तकात मात्र ‘४०,००० किलोमीटरला बदला’ असं स्वच्छ छापलं होतं. पुस्तक वाचणारं गिऱ्हाईक कुठल्याच गॅरेजला फारसं आवडत नाही, म्हणून मग घरीच करायचं ठरवलं.

कागदावर काम सोपं आहे. गिअरबॉक्सला दोन प्लग. खालचा उघडून जुनं तेल सोडायचं, तो पुन्हा आवळायचा, वरच्या भोकातून नवं तेल ओतायचं आणि त्याच भोकातून ते बाहेर ओघळायला लागलं की थांबायचं. साधारण दोन लिटरचा मामला. पण पुस्तक लिहिणाऱ्याने तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: तुमच्याकडे सपाट जमीन आहे, गाडी उचलायची सोय आहे आणि आजूबाजूला कोणी नाही. पुण्यातल्या सोसायटीत पहिल्या दोन कशाबशा जमवता येतात.

रविवारी सकाळी गाडीचं नाक जॅकने उचलून दोन लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, ठेवलं, मागच्या चाकांना विटा लावल्या आणि खाली चटई सरकवतोय, तोच दुसऱ्या मजल्यावरचे काका हजर. काका एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांची कुठलीही गोष्ट १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली तिथून सुरू होते. गिअर ऑईलपर्यंत पोचायला तिला वेळ लागतो.

‘‘तेल कुठलं आणलंयस?’’

मी बाटली दाखवली. घट्टपणा ७५ डब्ल्यू ९०, प्रकार जीएल-४. दुकानदार जीएल-५ गळ्यात मारत होता, ‘चारापेक्षा पाच भारीच की साहेब’ म्हणून. हे ऐकून काकांनी कपाळावर हात मारला. पाचामध्ये गंधक-फॉस्फरसचा मसाला जास्त असतो. ट्रकच्या मागच्या चाकांमधल्या डिफरन्शिअलला तो झेपतो, पण गिअरबॉक्सातल्या सिंक्रोनायझरच्या, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवून घेणाऱ्या, पितळी रिंगांना त्याने अपाय होऊ शकतो. मग पूर्वी या रिंगाच कशा नव्हत्या, कॅडिलॅकने १९२८ मध्ये सिंक्रोमेश आणलं तरी आमचे ड्रायव्हर पुढे कितीतरी वर्षं डबल क्लच मारून, म्हणजे प्रत्येक गिअरला दोनदा क्लच दाबूनच गाड्या हाकत होते, हे सगळं मला गाडीखाली उताणं पडून ऐकावं लागलं. गाडीखाली पडलेल्या माणसाला ‘येतो काका’ म्हणून निघताही येत नाही.

‘‘आधी वरचा प्लग सोडव,’’ काका म्हणाले. ‘‘खालचा उघडून तेल सांडलंस आणि वरचा निघालाच नाही, तर नवं भरणार कुठून? मग टेम्पो बोलाव.’’

वरचा प्लग खरोखरच ढिम्म हलेना. पाना फिरायचा नाही, मीच फिरायचो. शेवटी काकांनी वॉचमनच्या खोलीमागून नळाचा पाईप आणवला आणि पान्याच्या दांड्यात अडकवला. मी लोंबकळलो. कट्ट असा आवाज झाला. आटे गेले की प्लग सुटला, हे कळेपर्यंतच्या त्या क्षणात सगळी कुलदैवतं आठवून होतात. प्लग सुटला होता.

खाली गोडेतेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आडवा कापून ठेवला होता. (स्वयंपाकघरातली परात मागून पाहिली होती. उत्तर लिहिण्यासारखं नाही.) खालचा प्लग काढला आणि काळंकुट्ट तेल कोपरापर्यंत आलं. प्लगच्या टोकाला लोहचुंबक असतं, त्यावर झिजलेल्या गिअरांचा चुरा जमून त्याची करडी, मऊ पेस्ट झालेली. काकांनी ती चिमटीत घेऊन चोळली. ‘‘पीठ आहे, ठीक आहे. दाणा लागला असता तर काळजी होती.’’

आणि मग वास सुटला. जुन्या गिअर ऑईलला गंधकाचा असा काही दर्प असतो की तो थेट नाकातून मेंदूत जातो. आता, स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळतात, आणि तेही गंधकाचंच संयुग. परिणामी दहा मिनिटांत बी विंगेतल्या सगळ्या रेग्युलेटरांची बटणं फटाफट बंद झाली. चौथ्या मजल्यावरच्या जोशीकाकू नातवाला काखोटीला मारून जिन्याने खाली आल्या, कारण लिफ्टच्या बटणाने ठिणगी उडते असं त्यांनी वाचलं होतं. आमच्या सौ.ने गॅलरीतून ‘‘आमच्या ह्यांचा वास आहे तो!’’ असं मोठ्याने जाहीर केलं, तेव्हा कुठे लोक शांत झाले. म्हणजे घाबरायचे थांबले आणि बघायला जमले.

खरी पंचाईत पुढेच होती. पातळी बरोबर यायला गाडी सपाट हवी, आणि माणूस खाली जायला गाडी वर हवी. नाक वर असताना भरलं तर तेल कमी तरी पडणार किंवा जास्त तरी होणार. शिवाय पार्किंगची फरशी पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतरती केलेली. काकांनी शेजारच्या बांधकामावरून गवंड्याची पाण्याची लेव्हल ट्यूब मागून आणली आणि अख्खा आवार मोजला. सपाट जागा एकच निघाली. ती फाटकाच्या बरोबर मधोमध.

मग खालचा प्लग नव्या वायसरसकट आवळला, अंदाजे लिटरभर तेल आत घालून वरचा हाताने बसवला, गाडी खाली उतरवली आणि सहा जणांनी ढकलत फाटकात आणली. आता बॉनेटमधून लांब नळी थेट वरच्या भोकात, तिच्या टोकाला नरसाळं, आणि बाजूने आडवी पडून टॉर्च मारायला तिसऱ्या मजल्यावरची आठ वर्षांची ईरा. थंडीने घट्ट झालेलं तेल नळीतून उतरेचना. काकांच्या हुकमावरून बाटली गीझरच्या बादलीत बुडवून आणली. आमच्या घरात त्या सकाळी आंघोळ फक्त तेलाची झाली.

तोवर फाटकाच्या आत दोन गाड्या, बाहेर दूधवाला आणि कोणाकडे तरी मुलगी बघायला आलेली पाहुणेमंडळी अडकली होती. हॉर्न वाजवायला एकाने हात उचलला, पण काकांची नजर बघून खाली घेतला.

‘‘आला का थेंब?’’ वरून कोणीतरी ओरडलं.

‘‘आला!’’ ईरा म्हणाली. सगळे पुढे सरसावले. ‘‘नाही, मुंगी आहे.’’

पाहुण्यांतले एक आजोबा उतरून नरसाळं धरायला आले आणि मुलाच्या पगाराचा विषय तिथेच निघाला. एवढ्यात खालून किंचाळी आली, ‘‘आला, आला, खरंच आला!’’ टाळ्या पडल्या. दूधवाल्याने मोटारसायकलला किक मारली.

‘‘थांबा,’’ काका म्हणाले. ‘‘जादाचं ओघळून थेंब बंद होऊ दे. मग प्लग.’’

मंडळी पुन्हा थांबली.

दुपारी चक्कर मारली. दुसरा गिअर न कुरकुरता पडला. येताना जुनं तेल कॅनमध्ये भरून त्याच गॅरेजवाल्याच्या पिंपात टाकायला नेलं, गटारात सोडण्यापेक्षा ते बरं. त्याने झाकण उघडून बोट बुडवलं, वास घेतला आणि माझ्याकडे तुच्छतेने बघत म्हणाला, ‘‘काय साहेब, किती वर्षं बदललं नव्हतं हो हे?’’

संध्याकाळी काका चहाला आले. मी हिशेब मांडला. ऑफिसला मेट्रोने जातो, गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर पळते. म्हणजे पुढचे चाळीस हजार व्हायला तेरा वर्षं.

‘‘तेव्हा मी सत्त्याऐंशीचा,’’ काका बशीत चहा ओतत म्हणाले. ‘‘खुर्ची टाकून देशील, बसून सांगेन. तो कापलेला डबा मात्र भंगारात घालू नकोस.’’