अनामिक, तुमच्या 'अभ्यास करत जा'ला उत्तर

अहो अनामिक, चीनमधल्या ग्वांगझौच्या छोट्या ट्रिपमध्ये कुठे खावं यावरची माझी पोस्ट तुम्हाला आवडली नाही, हरकत नाही. तुम्ही लिहिलंय, "ही सगळी जुनी नावाजलेली हॉटेलं टुरिस्टांची आहेत, लोकल माणूस तिथे फिरकतही नाही. शाकाहारींचा विचार नाही, पाझौहून (कँटन फेअर हे व्यापारी प्रदर्शन भरतं तिथून) किती लांब पडतं याचा पत्ता नाही. लिहिण्याआधी अभ्यास करत जा." मुद्द्यांचं मला वावडं नाही हो, पण हे "करत जा" कुणाला? ओळख ना पाळख, खाली नावसुद्धा नाही. हेच "अमुक राहिलं बरं का" असं लिहिलं असतंत तर दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो असतो.

बरं, अभ्यासाचं सांगतो. मी कँटन फेअरला जाऊन पिशवीभर कॅटलॉग घेऊन परत येणाऱ्यातला नाही. टाइल्सच्या धंद्यात होतो, माल तपासायला फोशानच्या फॅक्टऱ्यांत जायचो आणि राहायला ग्वांगझौच्या जुन्या भागात, लिवानमध्ये. घरमालकीण आजी आमच्याच मजल्यावर. त्या मला सकाळच्या चहाला कुठे घेऊन जायच्या सांगू? वेनचांग रोडच्या कोपऱ्यावरच्या ग्वांगझौ रेस्टॉरंटमध्ये, १९३५ पासूनचं, म्हणजे तुमच्या हिशोबाने जिथे लोकल माणूस फिरकत नाही तिथे. दार उघडायच्या आधी बाहेर पेन्शनरांची ही गर्दी, आणि उघडलं की ठरलेली टेबलं धरायला जी धावपळ, ती बघून कुणी यांना म्हातारे म्हणणार नाही.

बसल्या बसल्या आजी पहिला चहा प्यायच्याच नाहीत. कढत चहा वाटीत ओतून त्यात कप, चमचा, चॉपस्टिक्स सगळं खळबळून घ्यायच्या आणि ते पाणी मधल्या मोठ्या भांड्यात टाकायच्या. किटलीतलं पाणी संपलं की झाकण तिरकं करून ठेवायचं, वेटर येऊन भरून जातो, हाक मारायची गरजच नाही. मग हार गाव, म्हणजे कोळंबीचे ते पारदर्शक डंपलिंग. खाण्याआधी एक चॉपस्टिकने उचलून बघायच्या, आवरण बुडाला चिकटून फाटलं की तोंड वाकडं, पुढचा अर्धा तास त्याच्यावरच बोलणं. डंपलिंगच्या दोन टोपल्या आणि चहाची एक किटली एवढ्यावर सकाळ काढणारी ही माणसं टुरिस्ट? ताओ ताओ जू हे तिथलं दुसरं जुनं हॉटेल तर १८८० पासूनचं आहे, ते काय आपल्यासारख्या फिरायला आलेल्यांवर चाललं एवढी वर्षं?

अकरा वाजता जाल तर बॅगा घेतलेलेच दिसणार, ते कुठेही दिसतील. साडेसातला जा. रविवारी गेलात तर आजोबांपासून नातवापर्यंत अख्खी घरं नंबर घेऊन बाहेर बसलेली दिसतील आणि तुमचा नंबर लागेपर्यंत तासभर सहज जाईल, म्हणून मी पोस्टमध्ये आठवड्यातला साधा दिवस धरायला सांगितलं होतं. गल्लीतली दुकानं चांगली नाहीत असं मी कुठे म्हटलंय? काचेत लटकवलेलं रोस्ट गूज, मातीच्या भांड्यातला भात, मासे-शेंगदाणे घातलेली ती बोटवाल्यांची पेज, सगळं शेवटच्या परिच्छेदात आहे. तिथवर तुम्ही पोचलाच नाहीत बहुतेक. पण ज्याच्याकडे दोनच सकाळी आहेत आणि चिनी वाचता येत नाही त्याला मी आधी गल्लीत नाही पाठवणार, मोठ्या ठिकाणी फोटोवाला मेनू तरी मिळायची शक्यता जास्त.

शाकाहारींचं एक मान्य. त्या दोन सायींच्या दुधाच्या पुडिंगमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो हे लिहायला हवं होतं, आता टाकलंय. हिरवी भाजीसुद्धा ऑयस्टर सॉसशिवाय सांगून घ्या, आणि तांदळाच्या रोलमध्ये काहीच न भरलेला साधा प्रकार मिळतो तो मागा. यापलीकडे जैन थाळी शोधत असाल तर ती पोस्ट दुसऱ्या कुणीतरी लिहावी.

पाझौ लांब वगैरे काही नाही, मेट्रोची ८ नंबरची लाइन सरळ हुआलिन मंदिरापर्यंत येते, गाडी बदलावी लागत नाही, पुढे या हॉटेलांपर्यंत चालत. नकाशा बघितला असतात तर कळलं असतं, त्यालाही अभ्यासच म्हणतात ना?

आणि "हॉटेलवाल्यांकडून काय मिळतं" हे जे तुम्ही शेवटी चिकटवलंय, काहीही मिळत नाही. तिथे चहाचेसुद्धा माणशी वेगळे पैसे लावतात आणि ते मी स्वतःच्या खिशातून देत आलोय. पुढच्या वेळी नाव लिहून विचारा, नाहीतर कमेंट उडवेन.