शेंगांना मिक्सरची मोटर नको, इंडक्शनची घ्या; दाराला वायपरची

जुन्या मोटरी वापरून घरच्या घरी मशीन बनवायचा हा लेख भारी आहे पण शेंगा फोडायच्या मशीनला मिक्सरची मोटर लावा हे काही पटलं नाही बुवा. ती ब्रशवाली (आत कार्बनचे तुकडे घासणारी) मोटर, लोड नसला की पंधरा-वीस हजार आरपीएमला (म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे) जाते आणि सलग पाच-दहा मिनिटं चालवली की तापून वास मारायला लागते. त्यापेक्षा भंगारातून १४४० आरपीएमची अर्ध्या एचपीची (हॉर्सपॉवरची) इंडक्शन मोटर, म्हणजे बिनब्रशची, बघा, मोटरवर २ इंची पुली आणि मशीनवर १२ इंची टाकली की मशीन २४० आरपीएमवर येतं, बेल्ट घसरला तरी काही तुटत नाही. सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या वॉश मोटरला तीन वायरी असतात, कपॅसिटर या वायरीवरून त्या वायरीवर नेला की उलटी फिरते, पण तिच्यात जोर कमी, शेंगांना पुरणार नाही.

आणि गाडीच्या काचेची वायपर मोटर कुणी कशी काय सांगितली नाही?? आत वर्म गिअर (स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारं दातेरी चाक) असतो, १२ व्होल्टवर मिनिटाला ४०-५० फेरे, करंट बंद केला तरी वजनाने सहसा उलटी फिरत नाही. खुराड्याच्या वर-खाली सरकणाऱ्या दाराला एकदम बेस्ट. फक्त बऱ्याच मोटरींची बॉडीच निगेटिव्ह असते, पोलरिटी (प्लस-मायनस) उलटी करून दार खाली आणायचं असेल तर बॉडीच पॉझिटिव्ह होते, म्हणून लोखंडी फ्रेमवर थेट बोल्ट मारू नका, खाली आणि बोल्टभोवतीही रबर घाला.